दीड मिलिमीटर

यादीतल्या सोळाव्या ओळीच्या डाव्या बाजूला पेन्सिलीने एक टिंब दिलेलं होतं. अर्ध्या मिलिमीटरचं असेल, फार तर पाऊण. पेन्सिल बोथट असावी आणि देणाऱ्याने ती टेकवून किंचित फिरवली असावी, कारण कडेला एक पुसट शेपटी उमटली होती. बाकी चाळीस ओळींपुढे बरोबरच्या खुणा होत्या, निळ्या पेनच्या, एकसारख्या, कंटाळलेल्या हाताच्या. सोळाव्या ओळीशी येऊन मात्र कुणाला तरी पेन खाली ठेवून पेन्सिल उचलावीशी वाटली होती. मी कागद हातात धरून त्या टिंबाकडे पाहत राहिले. त्याच्या उजवीकडचा आकडा मला वाचावा लागला नाही. तो मला पाठ आहे. स्वतःचा फोन नंबर सांगताना मी कधीकधी अडखळते. त्या आकड्याशी नऊ वर्षांत एकदाही अडखळले नाही.

"हा एक तेवढा जागेवर नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या वरच्या मजल्यावर लहान मुलांच्या हाडांच्या आणि स्नायूंच्या कॅन्सरवर संशोधन करतात. हॉस्पिटलात येऊन त्यांना दोन वर्षं झाली. "रजिस्टरमध्ये 'बाहेर दिला' असं लिहिलंय, पण कुणाला दिला ते लिहिलेलं नाही. तुम्हाला काही आठवतंय का?"

"शोधते," मी म्हणाले.

ब्लॉक त्या वेळी आम्हा दोघींपासून साधारण सव्वा मीटरवर होता. माझ्या टेबलाच्या तिसऱ्या ड्रॉवरमध्ये, ब्लेडच्या रिकाम्या डबीत, टिपकागदात गुंडाळलेला. 'बाहेर दिला' हे अक्षर माझंच होतं, जरासं डावीकडे झुकवून लिहिलेलं.

आमचं काम सांगायला सोपं आहे. माणसाच्या शरीरातला तुकडा तपासणीसाठी येतो. त्यातलं पाणी काढून तिथे मेण भरायचं, त्याचा मेणाचा ठोकळा करायचा, त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो, आणि मशीनवर त्या ब्लॉकचे चार मायक्रॉन जाडीचे काप काढायचे. केसाच्या जाडीचा विसावा भाग म्हणा. काप कोमट पाण्यावर तरंगवायचा, काचेच्या पट्टीवर उचलायचा, रंगवायचा. पुढचं डॉक्टर बघतात. तुकडा हाडाचा असेल तर तो आधी ॲसिडात ठेवून मऊ करावा लागतो, नाहीतर पात्याला खाचा पडतात. काप काढून झाल्यावर उरलेला ब्लॉक मागच्या खोलीत, पत्र्याच्या अरुंद खणांमध्ये, नंबरवारीने वर्षानुवर्षं राहतो. मी हे काम एकवीस वर्षं करते आहे. लोकांना वाटतं असं काम करणाऱ्या बाईला शरीराचं काही वाटेनासं होत असेल. तसं होत नाही. शरीराचं वाटणं फक्त फार लहान मापात होऊ लागतं.

"हाच हवा होता हो," डॉक्टरीणबाई स्टूल ओढून बसल्या. त्यांनी केसांत खोचलेलं पेन काढलं, पुन्हा खोचलं. "एक्केचाळीस ब्लॉक आहेत मुलांचे. त्यातले बहुतेक ॲसिडातून गेलेले. ॲसिडात पेशीचा आकार टिकतो, पण आतलं सगळं लिखाण, म्हणजे डीएनए, धुऊन जातं. माझ्या उपयोगाचे हाताला लागले पाच. हा सहावा. याची जुनी स्लाइड मी बघितली, काय रंग धरलाय तिने! निळा कसा ठसठशीत. म्हणजे हा तुकडा ॲसिडात गेलेलाच नाही. कसा काय नाही गेला देव जाणे, त्या काळी तर हाडाबरोबरचं सगळं ॲसिडाच्या एकाच बरणीत टाकायचे ना?"

"हो," मी म्हणाले. "एकाच बरणीत."

तो ॲसिडात गेला नव्हता हे मला माहीत नव्हतं. ती स्लाइड मी दरवर्षी एकदा बघते, आणि तिचे रंग इतके स्वच्छ का दिसतात याचं मी माझ्यापुरतं एक कारण ठरवून टाकलं होतं. मला वाटायचं, मी आई आहे म्हणून ते तसे दिसतात.

"सोमवारी अर्ज जायचाय," त्या सांगत होत्या. "या मुलांच्या पालकांचं मंडळ आहे ना, ते पिवळे टी-शर्टवाले, त्यांनी चालून चालून पैसे जमवले, त्यावर सुरुवात तरी झाली. पण पुढचं मोठं काम मोठ्या निधीशिवाय होत नाही. आजार मोजके, मुलं मोजकी, त्यात प्रकार ढीगभर. इतक्या थोड्या गिऱ्हाइकांसाठी औषध काढायला कोण बसलंय? तर निदान आमच्याकडे तपासण्यासारखं काहीतरी आहे एवढं दाखवावं लागतं."

"पाच असले तर देत नाहीत आणि सहा असले तर देतात?"

"पाचावर हसतात," त्या म्हणाल्या. "सहावर निदान तोंड दाबून हसतात." मग गंभीर झाल्या. "आणि याच्या कोपऱ्यात थोडा चांगला स्नायू आहे. ती तर लॉटरी आहे. आजारी पेशीत नेमकं काय बदललं ते कळायला त्याच मुलाची निरोगी पेशी शेजारी लागते."

"मुलीची," मी म्हणाले.

"काय?"

"मुलीचा आहे तो नमुना."

"तुम्हाला बरंच लक्षात राहतं." त्यांनी ते सहज म्हटलं आणि फाइल उघडली. "संमतीपत्रही अर्धवट आहे याचं. वडिलांची सही आहे चार वर्षांपूर्वीची, आईची जागा कोरी. आईची तयारी नसेल. मी समजू शकते." त्यांनी फाइल मिटली. "नाही, खरं म्हणजे नाही समजू शकत. मला मूल नाही. मी आपली म्हणते तसं."

"दोन्ही लागेल?" मी विचारलं. "स्नायूसुद्धा?"

"दोन्ही. आणि ब्लॉक बहुतेक संपेल. उरेल असं खोटं नाही सांगणार मी कुणाला."

त्या गेल्यावर मी मशीनचं चाक फिरवत बसले. दुसऱ्या कुणाचं तरी पित्ताशय होतं. काप एकामागून एक निघून एकमेकांना चिकटत, फितीसारखे पाण्यावर उतरत होते आणि मी मनात भागाकार करत होते. तिच्या ब्लॉकमध्ये दीड मिलिमीटर उरलेला आहे. चार मायक्रॉनने काप काढले तर पावणेचारशे. हा हिशेब मी पहिल्यांदाच करत नव्हते. चार वर्षांपूर्वी जुने ब्लॉक दुसऱ्या इमारतीत हलवायचं ठरलं, त्याच आठवड्यात ते संमतीपत्र घरी आलं, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या खोलीत गेले. खण ओढला. दोन बोटांनी तो उचलला. त्याचं वजन पाच ग्रॅमही भरणार नाही, त्यातलंही बहुतेक मेण. मी तो मुठीत धरून उभी राहिले, आणि मूठ गरम झाली तर मेण मऊ होईल या भीतीने लगेच उघडली. तिला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा तिचं वजन दोन किलो आठशे ग्रॅम होतं. शेवटचं, एकवीस किलो. अकरा वर्षांच्या मुलीला एकवीस किलो फार कमी. मी तो माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि स्वतःला म्हटलं, आठवडाभर. सामान हलवताना गहाळ होऊ नये म्हणून.

आम्ही तिला टिटवी म्हणायचो. नाव नवऱ्याने ठेवलेलं. पाय लांब, काटक्यांसारखे, आणि आवाज असा की शेजारच्यांनी खिडक्या लावाव्यात. पण खरं कारण ते नव्हतं. दहाव्या वर्षी ती पाय वर करून झोपायला लागली. पाठ गादीवर, पाय भिंतीला उभे टेकवलेले. नवरा दारात उभा राहून हसायचा. "बघ, टिटवी झोपली. आभाळ खाली पडेल म्हणून पाय वर धरलेत!" तीही हसायची. "मी आहे म्हणून तुम्ही वाचलात," म्हणायची, "नाहीतर केव्हाच पडलं असतं." मग आम्ही रोज सकाळी विचारायचो, काय गं, आभाळ जागेवर आहे का, आणि ती खिडकीतून डोकावून म्हणायची, आहे, पण जरा तडा गेलाय. असे तीन महिने गेले. एकदा चादर बदलताना मला भिंतीवर तिच्या टाचांचे दोन मळके डाग दिसले. उजव्या टाचेचा डाग डाव्याच्या मानाने वीतभर वर होता. मी ओलं फडकं घेऊन ते पुसले. मी, जिला काचेवरचा बोटाचा ठसासुद्धा सहन होत नाही, जी दिवसभर लहानसहान फरक शोधते, तिने ते दोन डाग पुसून काढले आणि उजवा वर का आहे हे विचारलं नाही. पाय वर ठेवला की ठणका कमी होतो, हे तिने आम्हाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर खेळ मोडला असता. कदाचित तिलाही तो ठणका आहे असं वाटत नसेल. आपण आभाळ धरतो आहोत म्हणून पाय दुखतो, असंही तिला वाटत असेल. हे मला तिला विचारायचं आहे. नऊ वर्षांत विचारायच्या गोष्टी साठत गेल्या, त्यांतली ही पहिली.

नवरा ही गोष्ट माइकवर सांगतो. तो गाडी चालवायला शिकवतो; त्याच्या शाळेच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही ब्रेक आहे, आणि इतकी वर्षं तो दाबून दाबून घरी टीव्ही बघतानाही त्याचा उजवा पाय मध्येच पुढे जातो. ती गेल्यावर वर्षभर तो काही बोलला नाही. मग पालकांच्या मंडळात जायला लागला, आणि दर वर्षी त्या चालण्याच्या दिवशी मंचावर उभा राहून टिटवीची गोष्ट सांगायला लागला. लोक आधी हसतात. मग हसायचे थांबतात. तो म्हणतो, "तुमचं पोर रोज एकाच पायाची तक्रार करत असेल, झोपेतून उठत असेल, तर वाढीचं दुखणं म्हणून सोडून देऊ नका. आमच्यासारखं हसत बसू नका." मी एकदाच गेले होते. मागच्या रांगेत उभी होते, आणि मला त्याचा फार राग आला. ती गोष्ट तीन माणसांची होती. तिघांतली एक नाही, आणि उरलेल्या दोघांतला एक ती पिवळ्या टी-शर्टांना वाटत सुटला होता. घरी आल्यावर मी म्हटलं, "दुसरं काही सांगता येत नाही का तुला?" तो बूट काढत म्हणाला, "दुसरं काय आहे माझ्याकडे?" मग दोन वर्षांपूर्वी एक बाई घरी आली, तिच्याबरोबर कुबडी घेतलेली सात-आठ वर्षांची मुलगी. गोष्ट ऐकून तिने मुलीला दुसऱ्याच दिवशी दाखवलं होतं. लवकर सापडलं होतं. मुलगी आमच्या सोफ्यावर बसून पाय हलवत होती, आणि मी आत जाऊन उगाच नळ सोडला.

माझ्याकडे मात्र दुसरं काहीतरी होतं. तिच्या वाढदिवसाला, सगळे गेल्यावर नव्हे, भर दुपारी, मी ती स्लाइड मायक्रोस्कोपखाली लावते. डावीकडे त्या पेशी. लहान, गोल, निळ्या, एकमेकींना चिकटलेल्या, घाईत असल्यासारख्या. त्यांच्याकडे मी फार बघत नाही. काच हळूहळू सरकवत उजव्या कोपऱ्यात नेली की गुलाबी सुरू होतं. स्नायूचे अकरा तंतू. लांब, सरळ, आणि मोठं करून पाहिलं तर प्रत्येकावर आडव्या बारीक रेघा, शाळेच्या वहीसारख्या. त्यांना काही झालेलं नव्हतं. तिच्या मांडीतले होते ते. त्यांनी जिने चढलेत, दोरीवरच्या उड्या मारल्यात, मला पळत येऊन मागून धडक दिली आहे. लोक फोटो बघतात. फोटोत फक्त उजेड असतो. इथे ती स्वतः होती, अकरा तंतूंइतकी. मला तिला भेटावंसं वाटतं हे म्हणणं बरोबर नाही. वाटणं येतं आणि जातं. मी काच सरकवते तेव्हा छातीच्या मध्यभागी काहीतरी ताणलं जातं, आणि ते ताणलेलं राहावं एवढंच मला हवं असतं. रस्त्यात लांब पायांची एकोणीस-वीस वर्षांची एखादी मुलगी पुढून जाते, तेव्हा मी पावलं मोजत तिच्या मागे थोडी चालते. मग माझं वळण येतं आणि मी वळते. ब्लॉक ड्रॉवरमध्ये असला की मला वळता येतं.

त्या दिवशी कामावरून सुटल्यावर मी मास्तरांकडे गेले. मास्तर म्हणजे माझ्या आधीचे आमच्या विभागाचे प्रमुख तंत्रज्ञ. मला पातं धरायला त्यांनी शिकवलं. तिचा तुकडा काढला त्या दिवशी मी वॉर्डात होते, आणि काम त्यांच्या हातात होतं. निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली. दार त्यांच्या बायकोने उघडलं.

"ये गं. आहेत. शब्दकोड्याशी भांडतायत."

"काय, अजून तिरकेच काप काढतेस का?" मास्तर आतून ओरडले. त्यांना एका कानाने ऐकू येत नाही, म्हणून ते सगळ्या जगालाच बहिरं समजतात.

"तुम्ही शिकवलेत तसेच काढते."

"म्हणजे तिरकेच!" ते खूश झाले. चहा आला. त्यांचा हात आता थरथरतो. कप बशीवर वाजत होता. मी त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला सरकले.

"मास्तर, तिच्या वेळचं विचारायचं होतं. दोन ब्लॉक केले होते तुम्ही. त्यातला दुसरा ॲसिडात घातला नव्हता का?"

त्यांनी कप खाली ठेवला. स्वयंपाकघराकडे एकदा बघितलं.

"कुणी तक्रार केली का?"

"नाही हो."

"नऊ वर्षांनी मेमो देणार असतील तर पेन्शनीतून कापा म्हणावं."

"मास्तर, सांगा ना."

त्यांनी शब्दकोड्याचा कागद घडी करून बाजूला ठेवला. मग बोलले ते हळू, त्यांच्या मानाने फारच हळू. "बरणी उघडली. हाडाचा तुकडा टाकला. दुसरा मऊ होता, त्याला चिमट्यात धरला. नियम एकच, सगळं बरणीत. तू तर जाणतेस. रोज चार वाजता शाळेतून यायची ती. माझ्या खुर्चीवर गोल गोल फिरायची, माझी बिस्किटं संपवायची आणि वर मलाच सांगायची, काका, तुम्ही फार खाता. तर चिमटा बरणीवर धरला आणि वाटलं…" ते थांबले. "हसशील तू."

"नाही हसणार."

"वाटलं, हिला झोंबेल."

आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"अडतीस वर्षं मी हे काम केलं," मास्तर म्हणाले. "कापलेल्या तुकड्याला काय झोंबणार? पण हात पुढे जाईना. शेवटी तो वेगळा ठेवला, तसाच मेणात घातला. चुकीचंच केलं. आता बोल, काय बिघडलं त्याने?"

"काही बिघडलं नाही," मी म्हणाले. मला पुढचंही सांगायचं होतं, लिखाणाचं, सहाव्या ब्लॉकचं, पण मी नुसते डोळे पुसले. मी त्यांची बशी सरळ केली. त्यांच्या बायकोने बाहेर येऊन आम्हा दोघांकडे बघितलं आणि म्हणाली, "ह्यांनी परत रडवलं वाटतं कुणाला. नोकरीत होते तेव्हाही हेच."

नवरा मला घ्यायला आला. शाळेचीच गाडी, छतावर 'शिकाऊ' असा फलक. मागच्या सीटवर रविवारी चालताना घालायच्या पिवळ्या टी-शर्टांचे गठ्ठे होते, नव्या कापडाचा वास गाडीभर कोंडलेला. तो दिवसभर शिकवून थकला की मीच घरापर्यंत चालवते, आणि तो शेजारी बसतो. मी चालवत होते. दिवस अजून मावळला नव्हता; समोरच्या काचेवर तिरपं ऊन येत होतं आणि काचेवरची प्रत्येक रेघ दिसत होती. मी मास्तरांच्या चिमट्याचा विचार करत होते. त्यांनी त्या क्षणी जे केलं ते करून टाकलं आणि पुढच्या तुकड्याकडे वळले. त्यांनी काही ठेवून घेतलं नाही. माझ्याजवळही तेच होतं, तेवढंच, हिला झोंबेल असं वाटणं. पण मी ते टिपकागदात गुंडाळलं, आणि चार वर्षं त्यातून काहीच निघालं नाही. दर वर्षी एक दुपार निघाली. सोफ्यावर बसून पाय हलवणारी ती मुलगी मला आठवली. तिच्या आईने परत कधी आमच्याकडे येऊ नये असं मला त्या दिवशी वाटलं होतं. त्यांना दोष देण्यासारखं काही नव्हतं. फक्त तो पाय हलत होता.

"क्लच," नवरा म्हणाला.

"काय?"

"गाडी रडतेय. गिअर बदल."

मी बदलला. पुढे लाल दिवा होता. त्याचा पाय माझ्याआधी ब्रेकवर गेला.

"मला चालवता येतं," मी म्हणाले.

"माझ्या पायाला सांग ते."

गाडी थांबली. समोरून माणसं रस्ता ओलांडत होती. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते आणि माझी नखं मला फार स्वच्छ दिसत होती.

"तिचा ब्लॉक माझ्याकडे आहे," मी म्हणाले. "माझ्या ड्रॉवरमध्ये. रजिस्टरमध्ये मी खोटं लिहिलं. चार वर्षं झाली."

तो वळला नाही. मागे कुणीतरी हॉर्न वाजवला, पण दिवा अजून लालच होता. मला वाटलं तो ओरडेल. ओरडायला हवं होतं. त्या चार वर्षांत तो चार वेळा मंचावर उभा राहिला होता.  मग म्हणाला, "तिथे… गरम नाही ना होत? ड्रॉवरमध्ये?"

"नाही. खोली थंड असते."

"बरं." त्याने हाताने तोंड पुसलं. "नीट आहे ना ती?"

"नीट आहे."

दिवा हिरवा झाला. मी गाडी पुढे घेतली नाही. मागचे हॉर्न आता एकत्र वाजायला लागले, त्याने खिडकीतून हात बाहेर काढून सगळ्यांना थांबा म्हणून सांगितलं, आणि त्याचं माझ्याकडे लक्ष आहे याची खात्री झाल्यावर मी ते मोठ्याने म्हटलं, गाडीत दोघंच होतो तरी मोठ्याने, म्हणजे नंतर मला ते म्हटलं नव्हतं असं म्हणता येऊ नये.

"मी देणार आहे तो. उद्या सही करते आणि डॉक्टरीणबाईंना तिची आई कोण ते सांगते. सगळा देणार, स्नायूसकट, काही मागे ठेवायचं नाही. आणि कापणार मी."